मिलच्या बँडाचा कॉर्नेटवाला

दाजी, तुमच्या तोंडातलं रक्त मीच पुसलं. जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मुखेड मागं पडलं तरी नांदेड येत नव्हतं, आणि दर खड्ड्याला तुमच्या घशातून असा आवाज यायचा की पुढच्या सीटवर बसलेला लक्ष्मण कान झाकून घ्यायचा. कवळीचा तुटलेला तुकडा तुमच्या टाळूत रुतला होता. तो काढायला मी बोट घातलं, तेव्हा तुम्ही मला कडकडून चावलात. शुद्धीत चावलात की बेशुद्धीत, ते कळलं नाही. बोट अजून सुजलेलं आहे. मी आलो की अक्का त्यावर हळद लावते.

काल तुमचं तेरावं झालं. जेवायला आलेला जो तो म्हणत होता, गंगाधरराव शांत माणूस होते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी पंगतीत वाढत होतो आणि ऐकत होतो. तुम्ही शांत कधी होता? तुमच्या हातचा मार मी खाल्ला आहे, माझ्या हातचा तुम्ही खाल्ला आहे. अक्का माझी सख्खी थोरली बहीण आणि तुम्ही तिचे नवरे, एवढंच नातं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. आपण दोघं नांदेडच्या कापड मिलमध्ये एका खात्यात होतो, आणि मिलच्या बँडात तुमच्याकडं फुंकायची पितळी कॉर्नेट होती, माझ्याकडं साइड ड्रम. नातं अक्कामुळं जुळलं, टिकलं ते बँडामुळं. अक्काला हे आवडायचं नाही, पण ते खरं होतं.

बँड मालकाच्या हौसेचा होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा, पंधरा ऑगस्ट, मुक्तिसंग्रामाचा दिवस, कुणी मोठा पाहुणा आला तर गेटपासून ऑफिसपर्यंत स्वागत. लाल कोट, पांढरी पॅन्ट, डोक्यावर तुरा लावलेली टोपी. शिकवायला उस्ताद होते, तरुणपणी निजामाच्या फौजेच्या बँडात वाजवलेले. पाळी सुटली की सरकीच्या गोदामामागं आपली तालीम. सूर चुकला की उस्ताद पोटऱ्यांवर छडी मारायचे. "साँस पेट से लो, गले से नक्को," असं म्हणायचे आणि दुसरी छडी पोटावर हाणायचे. आठवतं, एकदा तुम्ही छडी वरच्या वर धरली. सगळी तालीम थांबली. मला वाटलं, आता तुम्ही म्हाताऱ्याला आडवं करता. उस्ताद तुमच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "गुस्सा है ना? अब फूँक." तुम्ही फुंकलीत. तसा आवाज त्या गोदामामागं पुन्हा कधी निघाला नाही. उस्तादांनी छडी बाजूला ठेवली आणि त्या दिवसापासून पुढची ओळ तुमची झाली.

बँडात तुम्हाला आणलं लक्ष्मणनं. तुम्ही दोघं मुखेडकडच्या एकाच गावचे. तुम्ही पाटील आळीतले, तो दलित वस्तीतला. गावात तुम्ही कधी त्याच्या उंबऱ्याच्या आत गेला नव्हता. नांदेडला आल्यावर मात्र एका खोलीत राहिलात, एका चुलीवरचं खाल्लंत. तो मोठा ढोल वाजवायचा. वाजवणं त्याच्या घरात होतंच. तुमच्या घरात ते हलकं काम होतं.

किती हलकं, ते त्या दसऱ्याला कळलं. तुमचे थोरले भाऊ व्यंकटराव बैलांची औषधं घ्यायला नांदेडला आले होते. मिलवर गर्दी बघून थांबले. मालकाच्या गाडीपुढं लाल कोट घालून तुम्ही कॉर्नेट वाजवत चाललेले त्यांना दिसलात. ते थेट मिरवणुकीत घुसले. तुमच्या खांद्यावरची पिवळी झालर धरून ओढली, ती कोटासकट फाटली, आणि सगळ्यांदेखत तुमच्या थोबाडीत मारली.

"पाटलाचं पोर वाजंत्री झालं," ते म्हणाले. "कुणाच्या रांगंत उभा हाईस, बघ जरा."

रांगेत तुमच्या शेजारी लक्ष्मण होता. तुम्ही कॉर्नेट माझ्या हातात दिलीत आणि सख्ख्या थोरल्या भावाच्या नाकावर बुक्की मारलीत. व्यंकटराव खाली बसले, धोतरावर रक्त सांडलं. मालक गाडीतून बघत होता आणि हसत होता. मग तुम्ही माझ्या हातातून कॉर्नेट परत घेतलीत आणि रांगेत उभे राहिलात. श्वास इतका जोरात चालला होता की पहिला सूर फाटला. तुमचं गाव त्या दिवशी तुटलं. मयतीला तेवढे जायचात, पाणी न पिता परत यायचात.

या सगळ्याबद्दल मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की ते लक्ष्मणसाठी होतं की स्वतःसाठी. तुम्ही काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. बहुतेक म्हणाला असता, "तंबाखू मळ."

मग मिलला कुलूप लागलं. टाळेबंदी म्हणजे काय ते आम्हाला तेव्हाच समजलं. गेट बंद, भोंगा बंद. ज्या भोंग्यावर निम्मं नांदेड उठायचं आणि जेवायचं, तो एका सकाळी वाजलाच नाही. माणसं गेटसमोर बसली. काय करायचं कुणाला सुचत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "भोंगा न्हाई तर आपण हाव की." वाद्यं तालमीच्या खोलीत होती आणि त्या खोलीची किल्ली उस्तादांकडं. त्यांनी ती काढून दिली. तेव्हापासून पहिल्या पाळीला, दुसऱ्या पाळीला, पाळी सुटताना आपला बँड गेटवर वाजायचा. बायका भाकरी घेऊन त्या आवाजावर यायच्या. शेजारच्या वस्तीतली माणसं त्यावर घड्याळ लावायची. मालकानं आपल्याला त्याच्या पाहुण्यांसाठी शिकवलं होतं, आणि आपण त्याच्याच गेटवर त्याला झोपू देत नव्हतो. आयुष्यात मी इतका खूश कधी नव्हतो, दाजी.

मग एके दिवशी मालकानं बाहेरून आणलेली माणसं भर दुपारी टेंपोतून उतरली. काठ्या, सायकलच्या साखळ्या. युनियनच्या तंबूकडं ती गेलीच नाहीत, सरळ बँडाकडं आली. आपण वाजवत होतो. ती येऊन उभी राहिली आणि काय झालं कुणास ठाऊक, थबकली. बहुतेक वाजवणाऱ्या माणसाला मारायचं कसं, हे त्यांना सुचेना. तेवढ्यात मागं पोरं उठली, दगड उचलायला लागली. तुम्ही त्यांना "बसा, बसा" म्हणायला कॉर्नेट खाली घेतलीत. तोंड मोकळं झालं आणि काठी बरोबर तोंडावर बसली.

मी साखळीचे फटके पाठीवर घेत तुमच्यापर्यंत आलो. तुम्ही गुडघ्यावर बसून मातीत काहीतरी शोधत होता. मला वाटलं कॉर्नेट शोधताय. तुम्ही दात शोधत होता. वरचा ओठ मधोमध चिरून नाकापर्यंत गेला होता. लक्ष्मणनं ढोलाच्या पट्ट्यानं एकाला इतकं मारलं की तो उठलाच नाही. नंतर दवाखान्यात तो वाचला असं कळलं, तेव्हा लक्ष्मण रडला. त्या दिवशी कोण कुणाला मारत होतं, त्याला धरबंध नव्हता. माझ्याही काठ्या मोडल्या, ड्रमच्या. त्या मी ड्रमवर मोडल्या नव्हत्या.

मिल उघडलीच नाही. मला लातूरला एका शाळेत पोरांना बँड शिकवायचं काम मिळालं, मी गेलो. तुम्ही नांदेडलाच राहिलात, आडत दुकानात हमाली करत. समोरचे दात नाहीत आणि ओठ शिवलेला. कॉर्नेट तोंडाला लागेना. हवा बाजूनं निसटायची. नळाला पाणी यायच्या आधी जसा आवाज येतो, तसा यायचा. अक्कानं ती कॉर्नेट फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, तुमच्या डोळ्यांपुढं नको म्हणून. तुम्ही कामावरून आलात, खुंटी रिकामी दिसली आणि तुम्ही तिचा हात पिरगाळलात. मनगट मोडलं.

मला कळलं तशी मी लातूरहून एसटी पकडली. दारातून आत आलो. तुम्हाला खाली पाडलं, छातीवर बसलो आणि मारत राहिलो. तुम्ही हात वर केला नाहीत. तुमच्यापेक्षा मी हडकुळा, तुम्ही पोती उचलणारे. एका झटक्यात मला भिंतीवर फेकलं असतं. तुम्ही फक्त तोंड एका बाजूला वळवलंत, ओठ वाचवायला. ते बघून मला आणखीच राग आला.

अक्कानं मला केसाला धरून मागं ओढलं, मोडलेल्या हातानं नव्हे, दुसऱ्यानं.

"माझ्या घरात येऊन माझ्या माणसाला मारायचं न्हाई," ती म्हणाली. "त्येचं काय करायचं ते मी बघंन."

तिनं काय केलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ती पोराला घेऊन माझ्याबरोबर लातूरला आली. तुम्ही दर रविवारी यायचात, शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहायचात, मी बाहेर आलो की म्हणायचात, "तिला इचार." मी विचारायचो, ती मान हलवायची. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मग एका रविवारी ती स्वतः फाटकापर्यंत आली. माझ्या शाळेची पोरं आत ढोल बडवत होती, त्यामुळं तिला मोठ्यानं बोलावं लागलं.

"परत हात उचललात तर मी माघारी येणार न्हाई. सांगायला बी येणार न्हाई."

"कबूल," तुम्ही म्हणालात.

"आन् राग आला तर त्या पितळात फुका. माझ्यावर न्हाई."

तुम्ही दात बसवून घेतलेत. कवळी लावून कॉर्नेट वाजवता येत नाही, असं उस्तादसुद्धा म्हणाले होते. अक्का रोज संध्याकाळी तुम्हाला गच्चीवर पाठवायची आणि जिन्याच्या खाली भाजी निवडत बसायची. वर रेडकू ओरडल्यासारखं चालायचं. शेजारचे तक्रार करायला आले की ती म्हणायची, "आजारी माणूस हाय, दवा घेऊन राहिला." ओठावरची ती शिवण रोज फुटायची. किती महिन्यांनी ते कळलं नाही, पण मी सुट्टीत आलो होतो तेव्हा जिन्यात अक्का हातातली गवार तशीच धरून बसली होती. वरनं अख्खी एक चाल आली, कुठंही न फाटता. ती मला म्हणाली, "ऐक." एवढंच. मी तेव्हा तुम्हाला माफ केलं. तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

तुम्ही पुन्हा तिच्यावर हात उचलला नाहीत. रागानं भिंतीवर डोकं आपटलेलं मी पाहिलं आहे. ताट फेकलेलं पाहिलं आहे. आणि मग गच्चीकडं जाणारे तुमचे पाय.

मिलचा बँड तुम्ही आणि लक्ष्मणनं पुन्हा उभा केला. लाल कोट विरले तसे नवे शिवले. लग्नाच्या सुपाऱ्या, गणपती, कुणा म्हाताऱ्या कामगाराची मयत. मिलच्या माणसाच्या मयतीला तुम्ही फुकट वाजवायचा. डीजे आले, माणसं कमी झाली, कुणी मेलं, कुणी पोराकडं पुण्याला गेलं. शेवटी पाचजण उरलात. ड्रमवाला नसला की मला फोन यायचा.

तसाच तो फोन. "बालाजी, लक्ष्मणच्या धाकट्या पोराचं लगीन हाय. किरणचं. गावात. ड्रमवाला न्हाई."

"कुठल्या गावात?"

"आमच्या."

मी म्हणालो, "दाजी, तिथं नको." मी नको म्हणालो ते भीतीनं म्हणालो, आणि ती भीती खोटी नव्हती हे आता तुम्हाला कबूल करावं लागेल. नवरदेवाचा परण्या मारुतीला जाणार, म्हणजे लग्नाआधीची ती मिरवणूक पाटील आळीतून जाणार, चावडीवरून. वस्तीतला नवरदेव घोड्यावर त्या रस्त्यानं कधी गेला नव्हता. पाटील आळीतल्या पोरांनी आधीच निरोप पाठवला होता की घोडं नको, वाजवणं नको.

"रस्ता सरकारी हाय," तुम्ही म्हणालात.

"मान्य. पण चावडीपुढं आपण वाजवणं थांबवू. पुढं गेलं की परत सुरू करू. कुणाचं काय जातं?"

तुम्ही म्हणालात, "गेटवर मी वाजवत होतो तवर कुणाचा हात उठला न्हाई. खाली घेतली आन् काठी पडली."

"ती गोष्ट वेगळी होती."

"वेगळी न्हाई."

"तुमचं वय बघा, दाजी. त्या पोरांचं बघा."

"तुला यायचं न्हाई तर येऊ नको," म्हणालात आणि फोन ठेवलात. मी मनातल्या मनात पुढचं बोलत राहिलो, दोन दिवस. चांगली चांगली उत्तरं सुचली. ती सगळी घेऊन मी आलो, पण वस्तीत मांडव होता, माणसं होती, लक्ष्मण नव्या धोतरात लाजत होता, आणि तुम्ही मला बघून म्हणालात, "पट्टा आवळ, ढिला हाय." भांडण तिथंच राहिलं.

ऊन तापलं होतं. किरण घोड्यावर, पुढं आपण. पोराच्या कपाळावरून मुंडावळ्यांखालून घाम गळत होता आणि तो ताठ बसला होता. बायका आमच्या मागं चालत होत्या, हसत होत्या. चावडी दिसली. ओट्यावर आणि रस्त्यात पोरं उभी होती. सगळ्यात पुढं अविनाश, तुमच्या व्यंकटरावांचा मुलगा. लहानपणी त्याला मी पाहिलेलं होतं, तुमच्या आईच्या मयतीत तुमचं बोट धरून उभा होता. आता तिशीचा. हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, नुसता, पातं नसलेला.

"काका, बंद करा," तो म्हणाला.

तुम्ही त्याच्याकडं बघत वाजवत राहिलात.

"काका, तुम्ही घरचे हाव म्हणून सांगून राहिलो. बंद करा. आन् त्याला खाली उतरवा."

आपली माणसं एकेक थांबली. क्लॅरिनेट थांबली, झांज थांबली. लक्ष्मणचा ढोल चालू होता, माझा ड्रम चालू होता. मी थांबलो नाही ते शूर म्हणून नाही. तुम्ही वाजवत असताना थांबायची सवय माझ्या हातांना नव्हती, एवढंच. मी तुमच्या पाठीकडं बघत होतो. मानेवरची शीर ताठली होती. मला वाटलं, आता खाली घेतील, आता घेतील. मनात म्हणत होतो, घ्या की खाली. एवढं चावडीपुढचं.

अविनाशनं दांडा फिरवला तो कॉर्नेटच्या तोंडावर. पितळ वाजलं, मोठ्यानं. कॉर्नेट तुमच्या तोंडात आत गेली. तुम्ही मागं गेलात, एक पाय उचललेला, आणि डोकं चावडीच्या दगडी पायरीच्या कडेवर आपटलं. तो आवाज ढोलासारखा नव्हता, कशासारखाच नव्हता.

मग कुणी कुणाला आवरेना. घोडं उधळलं, किरण पडला, उठला, आणि मुंडावळ्यांसकट त्यांच्यात घुसला. वस्तीतल्या बायकांनी रस्त्यावरचे दगड उचलले. एका पोराचं डोकं फुटलं, तो भिंतीला टेकून रक्ताकडं आश्चर्यानं बघत होता. माझ्या ड्रमवर कुणीतरी लाथ घातली, पाय आत अडकला, तसाच तो ड्रम ओढत पळाला. लक्ष्मणच्या बायकोला एकानं केसाला धरून ओढलं, तिनं त्याचा हात चावला. माझ्या पाठीत काहीतरी बसलं, मी तुमच्यावर पडलो. आणि या सगळ्यात अविनाश दांडा हातात धरून जिथल्या तिथं उभा होता. तो म्हणत होता, "काका, उठा. काका, उठा की." कुणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानंही नाही.

तुम्ही दोन रात्री काढल्यात. डॉक्टरांनी पहिल्याच तासाला मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी अक्काला सांगितलं नाही. तिनं माझं तोंड बघूनच ओळखलं. ती तुमच्या उशाशी बसून तुमच्या फुटलेल्या ओठावर ओलं फडकं ठेवत राहिली, सुकलं की परत ओलं करत राहिली.

अस्थी विसर्जनाला व्यंकटराव आले. घाटावर त्यांनी मला मिठी मारली आणि लहान लेकरासारखे रडले. मीही रडलो. तुमचा भाऊ आहे, तुमच्यासारखाच वास येतो त्यांच्या अंगाला, तंबाखू आणि घामाचा. रडता रडता ते कानात बोलायला लागले.

"बालाजी, माझा भाऊ गेला. आता पोरगं बी घेता का? पाय घसरून पडला म्हण. पडलाच की तो. खोटं काय हाय त्यात?"

त्यांची मिठी घट्ट होत गेली. हात पाठीवरून मानेवर आला, आणि अंगठा गळ्यावर. माझा श्वास अडला. म्हातारे आहेत, पण नांगर धरलेला हात. त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले होते आणि ते दाबत होते. "म्हण," ते म्हणत होते, "म्हण की." तुमच्या पोरानं त्यांना ओढून काढलं. मी पायरीवर बसून खोकत राहिलो. ते परत नदीकडं तोंड करून रडायला लागले.

त्यानंतर लातूरला माझ्या दारासमोर दोघं मोटारसायकलवर आले. माझ्या नातीचं नाव घेतलं, ती कुठल्या शिकवणीला जाते ते सांगितलं आणि गेले. बायको म्हणाली, "तुमी सांगितलं न्हाई तर ते परत येत्याल का?" ती काय विचारत होती ते तिला आणि मला, दोघांनाही कळत होतं.

जबाबाच्या दिवशी मी अक्काला विचारलं, काय सांगू. ती नऊवारीचा पदर खोचत होती.

"तू काय बघितलंस ते तुला ठाव. मला इचारू नको. मी सांगितलं तर ते माझं व्हईल."

ठाण्यात साहेब तरुण होते, थकलेले. बाहेर झाडाखाली तुमची भावकी उभी होती, व्यंकटराव मध्ये. साहेबांनी विचारलं, "मयत पडले कसे?" आणि दाजी, माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. पाय घसरला. दोन शब्द. मला वाटलं, एवढं बोलून टाकावं, मग पुढं सगळं नीट सुरू होईल, नात शिकवणीला जाईल, म्हातारा रडायचा थांबेल. कुणाचं काय जातं? आणि ते माझेच शब्द होते, फोनवर तुम्हाला म्हटलेले. मला घाम फुटला. साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला.

मी सांगितलं. दांडा अविनाशनं मारला, हे सांगितलं. कॉर्नेटवर मारला, तोंडावर मारला नव्हता, पण कॉर्नेट तोंडात होती. दाजी पायरीवर पडले ते घसरून नाही, त्या फटक्यानं. आणि नंतर तो 'काका, उठा' म्हणत उभा होता, हेही लिहा म्हटलं. साहेब थांबले. "हे कशाला?" म्हणाले.

"मी बघितलं म्हणून," मी म्हणालो.

शेजारी बसलेल्या अक्कानं माझ्याकडं पाहिलं. पसंत होतं की नव्हतं, ते मला आजही ठाऊक नाही.

बाहेर आलो तर व्यंकटराव समोर. त्यांनी हात उगारला. अक्का मध्ये उभी राहिली, डोक्यावरचा पदर न सोडता.

"भावजी, मारा," ती म्हणाली. "मला मारा. मग मी बी आत जाऊन जबाब देते."

तो हात वर तसाच राहिला. मग त्यांनी तो स्वतःच्या तोंडावर मारून घेतला, एकदा, दोनदा, जोरात, आणि भावकीनं त्यांना धरून नेलं. अविनाशला त्याच संध्याकाळी आत घेतलं. किरणचं लग्न ठरल्या दिवशीच उरकलं होतं, सुजलेल्या डोळ्यानं, बिनवाजंत्रीचं. लक्ष्मण रोज अक्काकडं येतो. जोत्यावर बसतो, चहा पितो. गावात परत राहणार नाही म्हणतो, आणि मग म्हणतो, का न राहू.

मोटारसायकल अजून एकदा आली होती. मी दारात जाऊन उभा राहिलो. नातीला मीच सोडायला जातो आता.

तुमच्याशी मला अजून भांडायचंय. ठाण्यात मला जे कळलं ते मला कळलं, त्यात तुमचा विजय वगैरे मानू नका. मी अजून म्हणतो, तुम्ही थांबायला हवं होतं. चावडी ओलांडेपर्यंत. तुम्हाला बायको होती, मी होतो. तुम्हाला त्या पोराच्या हातातलं लाकूड दिसत होतं.

काल सगळे जेवून गेल्यावर मी हे अक्काला बोलून दाखवलं. ती खरकटी पातेली एकात एक घालत होती. पातेली मोरीत ठेवली, हात धुतले, पदराला पुसले.

"थांबले असते तर मी कितीक दिस बोलले नसते त्येंच्याशी," ती म्हणाली.

मग भिंतीला पाठ लावून बसली.

"पण त्ये घरात असते."